अनुभवाचं पत्र

धाकटीने अर्ज जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि ती बाबांच्या खोलीत गेली. अकरा वाजता त्यांची कूस बदलायची असते. टेबलाभोवती बसलेल्या तिघांनी त्या कागदाकडे पाहिलं, पण उचलला तो वहिनीने. शाळेच्या कार्यालयात बावीस वर्षं अर्ज तपासण्यात गेल्यामुळे भरलेला कागद समोर आला की तिचा हात आपोआप पुढे जायचा.

अर्ज नीटनेटका होता. खाडाखोड नव्हती, एकही रकाना तिरका भरलेला नव्हता. पद : काळजीवाहक, वृद्ध सेवा केंद्र. शाळेचा दाखला, सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, प्रथमोपचाराचं कार्ड, डॉक्टरांचा तपासणी अहवाल, पोलिसांचा दाखला, नात्याबाहेरच्या दोघांची नावं आणि पत्ते. सगळं जोडलेलं होतं. कोरा होता तो फक्त शेवटचा रकाना. किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. घरच्याच माणसाची सेवा केली असेल, तर काय काय केलं आणि किती काळ केलं ते घरातल्या एका प्रौढ व्यक्तीने तारखांसह लिहून खाली सही करावी.

"सहा महिन्यांचा अभ्यासक्रम?" ताई म्हणाली. "हा कधी केला तिने?"

"ती दुपारची क्लासला जायची ना, शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून," दादा म्हणाला. "शिवणाच्या."

"शिवणाच्या म्हणाली होती?"

दादाने आठवून पाहिलं. "क्लासला जाते म्हणाली. शिवणाचा हे मी धरून चाललो."

ताईने मान हलवली. तीही तेच धरून चालली होती. आठवड्याला एक फोन करून.

"उद्या पाचच्या आत द्यायचाय अर्ज," दादा म्हणाला. "तिथे राहायचं म्हणे. आठवड्यातून दीड दिवस घरी. मी सही करणार नाही."

"का?" वहिनीने विचारलं.

"सही केली की ती गेली. मग बाबांचं कोण बघणार?"

"त्यासाठी तर तुम्ही साडेअकराला माणूस बोलावलाय."

"तो पसंत पडला तर. अनोळखी माणसाच्या हातात मी बाबांना असा नाही देणार. त्याची कागदपत्रं बघीन, चार प्रश्न विचारीन. तोवर सहीबिही काही नाही."

ताईने दादाचीच बाजू घेतली. धाकटी खोलीत नसली की या दोघांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही, हे वहिनीने लग्न होऊन आल्यापासून पाहिलं होतं. "मला तर कळतच नाही," ताई म्हणाली, "तिला बाहेर कशाला जायचंय? तेच काम घरात आहे की. आईने आजीचं सात वर्षं केलं. तिने कधी कुणाकडे पत्र मागितलं?"

"नाही मागितलं," वहिनी म्हणाली. "म्हणून आजीचं कुणी केलं असं विचारलं, की तुम्ही सगळे 'आम्ही केलं' म्हणता."

ताईचा चेहरा पडला. दादाने घड्याळाकडे पाहिलं. वहिनीने अर्ज जसा होता तसा, कडेला कड जुळवून, परत ठेवला. आपण हे बोलायला नको होतं असं तिला वाटलं. पण बोललो ते खोटं होतं, असं काही वाटलं नाही.

"ती एक्केचाळीस वर्षांची आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांच्या मागे ती काय करणार, याचा विचार कुणी केलाय का? तिने केलाय."

आतून खाटेची कुरकुर ऐकू आली, आणि धाकटीचा आवाज, "आता डावीकडे. तीनपर्यंत मोजते."

*

माणूस साडेअकराला दोन मिनिटं कमी असताना आला. पन्नाशीचा, बुटका, रुंद मनगटांचा. खुर्चीवर बसायच्या आधी त्याने हात धुवायला जागा विचारली आणि कोपरापर्यंत धुऊन आला.

"मला सगळे ब्रदरच म्हणतात," तो म्हणाला. "तुम्हीही तेच म्हणा."

दादा एका मोठ्या गोदामात माणसं नेमायचं काम करत होता. समोरच्याला कसं बसवायचं, कुठला कागद आधी मागायचा, कुठे थोडं थांबून बघायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. त्याने शिक्षण विचारलं, ब्रदरने प्रमाणपत्र काढलं. अनुभव विचारला. आठ वर्षं रुग्णवाहिकेवर, सहा वर्षं लकव्याच्या वॉर्डात, त्यानंतर घरोघरी. प्रत्येक ठिकाणचं पत्र होतं. तारखा होत्या, सह्या होत्या, खाली फोन नंबर होते. दादाने ती पत्रं एकेक करून वाचली आणि त्याला बरं वाटलं. माणूस कागदावर तरी पक्का होता.

"तुमचं विचारून झालं असेल तर मी विचारू का?" ब्रदरने खिशातून छोटी वही काढली.

"विचारा की."

"झटका येऊन किती दिवस झाले?"

"चौदा महिने."

"बाजू?"

"उजवी."

"पाणी पातळच चालतं का घट्ट करून देता?"

दादाने ताईकडे पाहिलं. ताईने वहिनीकडे. "पाणी घट्ट?" दादा म्हणाला.

"गिळताना श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून पूड घालून घट्ट करतात. बरं, राहू दे. ठसका शेवटचा कधी लागला?"

"तसा... लागतो कधी कधी."

"घास कुठल्या गालात साठून राहतो?"

दादा घड्याळाचा पट्टा चाचपू लागला.

"रात्रीत किती वेळा कूस बदलता? टाचा लाल होतात का? पायाखाली उशी कुठे देता, टाचेखाली का पोटरीखाली?" ब्रदरच्या आवाजात टोमणा नव्हता. तो आधीच्या हजार घरांत विचारले तेच प्रश्न विचारत होता आणि वहीत उत्तरांसाठी जागा सोडत होता. "बोलतात का?"

हे दादाला माहीत होतं. "फारसं नाही. तीन-चार शब्द."

"एकवीस," दारातून धाकटी म्हणाली. ती टॉवेलने हात पुसत उभी होती. "कालपासून बावीस. काल 'खिडकी' म्हणाले."

ब्रदरने तिच्याकडे पाहिलं आणि नकळत खुर्ची तिच्या दिशेला वळवली. "तुम्ही सिस्टर का?"

"हो, माझी धाकटी बहीण," दादा म्हणाला.

"तसं नाही. नर्सिंगच्या सिस्टर का, असं विचारलं मी."

"नाही," धाकटी म्हणाली. "घरचीच आहे." आणि तिने पहिल्या प्रश्नापासून उत्तरं द्यायला सुरुवात केली. पाणी घट्ट करून, मधासारखं. हनुवटी खाली करून गिळायला लावायचं. ठसका शेवटचा मंगळवारी, औषधाची गोळी नीट कुटली गेली नव्हती म्हणून. घास उजव्या गालात राहतो; जेवण झालं की बोट फिरवून बघायचं, नाहीतर तासाभराने झोपेत घशात जातो. रात्री तीन वेळा. उशी पोटरीखाली. ब्रदर भराभर लिहीत होता. मधे एकदा फक्त "वा" म्हणाला, तोही वहीकडे बघत.

दादा ऐकत होता. तो दर रविवारी या घरात येत होता. बाबांच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसत होता. चौदा महिने, म्हणजे साठेक रविवार. गोदामात एखाद्याने आपल्याच कामाबद्दल इतकं अडखळत उत्तर दिलं असतं, तर त्याने त्याला दारातूनच निरोप दिला असता.

वही मिटून ब्रदर म्हणाला, "मी सकाळी सात ते संध्याकाळी सात. रात्री कोण?"

सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे गेल्या.

"या असतील तर प्रश्नच नाही."

"मी नसणार," धाकटी म्हणाली.

"मग घरातलं दुसरं कुणीतरी शिकून घ्यायला हवं. तसं नसेल तर मी रोज सकाळी येऊन रात्रीच्या चुका निस्तरत बसणार. तसं काम मी घेत नाही. घेतलं होतं एकदा." तो उठला. "संध्याकाळपर्यंत कळवा. मला आणखी एका घरातून बोलावणं आहे."

दादा त्याला दारापर्यंत सोडायला गेला. गोदामात नोकरी मागायला आलेल्यांना तो कधी दारापर्यंत सोडत नसे.

*

स्वयंपाकघरात धाकटी बाबांच्या गोळ्या कुटत होती. ताईने तिच्या हातातून बत्ता घेतला, दोनदा कुटलं आणि परत दिला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर बारीक काम करणाऱ्या तिच्या हातांना हे जमायला हरकत नव्हती. पण पूड किती बारीक हवी तेच तिला माहीत नव्हतं.

"मी पत्र लिहिते," ताई म्हणाली. "दादाचं जाऊ दे. मीही प्रौढ आहे, माझी सही चालेल."

"मघाशी तर तू दादाच्या बाजूने होतीस."

"ऐकलंस?"

"दार उघडंच असतं. बाबांनी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून."

ताईने ओट्याला पाठ टेकली. "छान लिहीन मी. आईची आठ वर्षं, बाबांचं सव्वा वर्ष. छापखान्यातली बाइंडिंगची नोकरी सोडलीस ते. आईला तू फुलासारखं जपलंस ते."

"ते नको लिहूस."

"का? खरंच आहे ना ते."

धाकटीने पूड कागदावर काढली, बोटाने चाचपली, पुन्हा खलात टाकली. "आईला जखम होती," ती म्हणाली. "शेवटच्या वर्षी. माकडहाडावर. एवढी." तिने अंगठा आणि तर्जनी जोडून दाखवलं. "पाच महिने होती. मग भरली."

"जखम? आम्हाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, मलम पाठवते. पाठवलंसही."

ताईला ते मलम आठवलं. निळं झाकण. दुकानातल्या मुलीला सांगून तिने ते पार्सल केलं होतं आणि एक काम झाल्यासारखं तिला वाटलं होतं.

"ती जखम माझ्यामुळे झाली," धाकटी म्हणाली. तिचा आवाज गोळ्यांबद्दल बोलताना होता तसाच होता. "आई खाली घसरायची. मग मी तिच्या काखेत हात घालून तिला वर ओढायचे. दिवसातून पाच-सहा वेळा. आठ वर्षं ओढलं. क्लासमधे चौथ्या आठवड्यात बाईंनी पिकलेला टोमॅटो आणला. खरखरीत कापडावर ठेवला, वरून हाताने दाबला आणि ओढला. साल निघाली. म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाची कातडी अशी असते. ओढायचं नाही, खाली चादर घालून उचलायचं. दोघं नसतील तर घसरती चादर वापरायची, कूस वळवून सरकवायचं. सगळ्या जणी वहीत लिहून घेत होत्या. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले."

ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला, पण धाकटी त्याच वेळी वळून पूड ग्लासात मिसळायला लागली, आणि तो हात ओट्यावर आला.

"तुला कुणी शिकवलंच नव्हतं," ताई म्हणाली.

"नव्हतं. म्हणूनच शिकायला गेले. तिथे नऊ वर्षांचा अनुभव म्हणून सांगायचं, आणि त्यातली आठ वर्षं मी चुकीचं करत होते हे लपवायचं, हे मला जमणार नाही. पत्रात जखमेचं यायला हवं. कशी झाली, कशी बरी केली, सगळं."

"अगं, ते वाचून ते तुला घेतील का?"

"ते त्यांनी ठरवायचं."

आईच्या अंत्यविधीला जमलेली माणसं ताईला आठवली. "मुलींनी आईचं किती केलं," असं जो तो म्हणत होता. मुलींनी. आणि ती मान खाली घालून ते ऐकून घेत होती, आपल्या वाट्याचंसुद्धा.

*

जेवणं झाल्यावर टेबल पुसलं गेलं आणि दादाने पुढ्यात घेतलेला कागद वाचून दाखवला. ब्रदर गेल्यापासून तो एकटाच बसून लिहीत होता. सकाळी सही करणार नाही म्हणणारा तो हाच. पत्र चांगलं होतं. तारखा बरोबर होत्या. त्या त्याने वहिनीकडून तपासून घेतल्या होत्या. 'अत्यंत जबाबदारीने', 'अहोरात्र', 'कोणतीही तक्रार न करता' असे शब्द होते.

"तक्रार केली होती मी," धाकटी म्हणाली. "पण ते असू दे. दादा, जखमेचं राहिलं."

ताईने त्याला सगळं सांगितलं, टोमॅटोसकट. दादाने पेन खाली ठेवलं.

"हे मी लिहिणार नाही."

"मग पत्र अर्धंच होईल," धाकटी म्हणाली.

"सगळं जग अर्धंच लिहितं. मी रोज पन्नास पत्रं वाचतो, त्यात कुणी लिहितं का, मी माल पाडला, मी कुलूप विसरलो? तुला तिथे लागायचंय ना? मग?"

"तुम्हाला सकाळी तर ती लागायलाच नको होती," वहिनी म्हणाली.

"सकाळची गोष्ट वेगळी." त्याचे कान लाल झाले होते. "आईला आपल्या घरात जखम झाली, हे मी स्वतःच्या हाताने लिहायचं? माझ्या सहीने? उद्या कुणी वाचलं तर काय म्हणेल? की एवढी तीन मुलं असून—"

"हं," ताई म्हणाली. "तेच म्हणतील. लिही."

वहिनीचं मात्र या बाबतीत नवऱ्यासारखंच मत होतं. "अर्जात स्वतःचा दोष कुणी लिहीत नाही गं," ती धाकटीला समजावू लागली. "रकाना अनुभवाचा आहे. विचारलं तर तोंडी सांग. कागदावर गेलेलं पुसता येत नाही."

अशी सकाळची जोडी दुपारी मोडली. ताई धाकटीकडे आली आणि वहिनी दादाकडे गेली. आवाज चढले. दादा म्हणाला, तुझा हट्ट आहे नुसता. धाकटी म्हणाली, हो, आहे.

"ए," आतून हाक आली.

बाबा कुणालाही 'ए'च म्हणत. चौघं आत गेली. बाबा उशांना टेकून बसले होते. डावा हात पांघरुणाच्या वर होता. त्यांची नजर एकेकावरून फिरली आणि धाकटीवर थांबली.

"दाखव," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या बावीस शब्दांतला होता, पण आजवर तो पेपरसाठी किंवा ताटासाठी यायचा. धाकटीला आधी कळलं नाही. मग त्यांनी डाव्या हाताने कोपऱ्यातल्या चाकांच्या खुर्चीकडे बोट केलं, आणि तिला कळलं की त्यांनी सगळं ऐकलंय.

तिने खुर्ची त्यांच्या डाव्या, चांगल्या बाजूला आणून तिरकी लावली. ब्रेक दाबले. पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडल्या. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, त्यांना कडेला आणलं, पाय जमिनीवर टेकवले, स्वतःचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला आधाराला लावला. "तीनला पुढे वाकायचं. एक, दोन, तीन." ते उठले, अर्धवट उभे राहिले, वळले, खुर्चीत बसले. कुठे काही ओढलं गेलं नाही. सगळं मिळून दीड मिनिट.

दादा दाराच्या चौकटीला टेकून बाबांचा चेहरा बघत होता. ही नजर तो ओळखत होता. बाबांनी सगळी नोकरी वेल्डरांची परीक्षा घेण्यात काढली होती. जोड दिलेली पट्टी शिकंज्यात धरायची, वाकवायची आणि तडा जातो का ते बघायचं. एकोणिसाव्या वर्षी दादाने दिलेला जोडही त्यांनी असाच वाकवला होता, वीस पोरांसमोर. तडा केसाएवढा होता. बाबांनी भिंग काढून पाहिला आणि वहीत 'अपात्र' लिहिलं. घरी आल्यावर त्यावर एक शब्दही झाला नाही. त्या दिवसानंतर दादाने कधी वेल्डिंगला हात लावला नाही.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

धाकटीने त्यांना खाटेवर नेलं आणि पुन्हा खुर्चीत आणलं. घामाचा एक थेंब तिच्या नाकावरून खाली आला. बाबांनी मान हलवली. मग डावा हात उचलून त्यांनी दादाकडे बोट केलं.

"तू."

"मी?" दादा म्हणाला. "बाबा, मला नाही—"

"तू."

वहिनीला वाटलं, हा आता काहीतरी सबब काढून बाहेर जाईल. तो गेला नाही. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, बाह्या वर केल्या. खुर्ची लावली. पट्टा धरला. "एक, दोन—"

"ब्रेक," धाकटी म्हणाली आणि खुर्ची मागे सरकायच्या आत तिने तिची पाठ धरली.

दुसऱ्यांदा त्याने ब्रेक लावले, पण बाबांचा भार अंगावर येताच तो दचकला आणि त्यांना काखेतून वर ओढायला गेला. धाकटीने त्याच्या दंडावर नुसता हात ठेवला. "गुडघ्याने धर. हाताने नको. ते स्वतः उठतील, तू फक्त वाट दे." इतक्या वर्षांत दादाने बाबांना असं धरलं नव्हतं. त्यांच्या अंगाला साबणाचा वास होता. त्यांच्या श्वासाचा आवाज त्याच्या कानाशी येत होता, आणि ते थरथरत होते. त्यांची भीती त्याला पट्ट्यातून हाताला कळत होती. तिसऱ्यांदा ते खुर्चीत बसले. सरळ नाही, जरासे कलते, पण बसले.

खोलीत सगळे उभे होते. बाबा थोडा वेळ धापा टाकत राहिले. मग ते दादाकडे बघून म्हणाले, "जड."

हा नवा शब्द होता. मी जड आहे म्हणाले, की तुला जड गेलं म्हणाले, की आणखी काही, ते कुणाला कळलं नाही. धाकटी म्हणाली, "तेवीस." ताई हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. दादा हसला नाही. त्याने बाबांचा कललेला खांदा उशी लावून सरळ केला, धाकटीकडे बघितलं, तिने मान हलवली, तेव्हा तो बाहेर गेला.

टेबलावर त्याने नवा कागद घेतला. जखमेचा परिच्छेद त्याने धाकटीला समोर बसवून लिहिला. एकेक वाक्य वाचून दाखवत होता आणि ती 'हो' म्हणाली की पुढे जात होता. 'माझ्या आईस शेवटच्या वर्षी माकडहाडावर दाब व घर्षणाने जखम झाली. अर्जदारास त्या वेळी रुग्णास उचलण्याची योग्य पद्धत ठाऊक नव्हती. घरातील इतर कोणी मदतीस येत नव्हते.'

"हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं," धाकटी म्हणाली.

"ते माझं आहे," दादा म्हणाला. "पत्र माझं आहे ना? पुढे सांग. बरी कशी केलीस?"

तिने सांगितलं. त्याला दुसरं पान घ्यावं लागलं. खाली त्याने सही केली आणि सही कोरडी व्हायच्या आत कागद ताईपुढे सरकवला. एकाच सहीची गरज असताना ताईनेही केली. वहिनीने सगळे कागद क्रमाने लावून टाचणी मारली आणि तेवढ्यात दादाने ब्रदरला फोन करून सांगितलं, की पुढच्या सोमवारपासून या, रात्री मी इथे राहायला येईन.

*

केंद्राचा फोन गुरुवारी आला. तिथल्या प्रमुख बाईंनी प्रमाणपत्राबद्दल काही विचारलं नाही. जखम भरत आली हे तुम्हाला कशावरून कळलं, एवढंच विचारलं. धाकटी वीस मिनिटं बोलली. मग बाई म्हणाल्या, अनुभव धरू, पण पहिले तीन महिने दुसऱ्याच्या हाताखाली. ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बाबांच्या खोलीत जाऊन त्यांना सांगून आली. त्यांनी ऐकलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

आठ दिवस ती दादाला आणि वहिनीला शिकवत राहिली. ताईने शनिवारची रात्र घेतली. पहिल्या शनिवारी तिने पाणी इतकं घट्ट केलं की चमचा उभा राहिला.

सोमवारी ब्रदर पावणेसातला आला. हात धुऊन आत गेला. दादा रात्रभराच्या जागरणाने सुजलेल्या डोळ्यांनी त्याला वहीतलं वाचून दाखवत होता : कूस तीनदा, ठसका नाही, टाचा ठीक. धाकटीने बॅग उचलली. निरोप तिने पहाटेच घेतला होता. तो आणखी लांबवायचा नाही असं तिने ठरवलं होतं. ती दाराबाहेर आली, चप्पल घातली, दोन पायऱ्या उतरली.

"ए," आतून हाक आली.

ती थांबली. नऊ वर्षांत अशी हाक ऐकून ती दुसऱ्या दिशेला कधी गेली नव्हती. पाय आपोआप वळले होते, बॅगेचा पट्टा खांद्यावरून उतरला होता.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं, ब्रदरची नाही, दादाची, घाईने टाकलेली, जड. "आलो," तो म्हणाला. "काय हवंय बाबा?"

धाकटीने पट्टा परत खांद्यावर घेतला. उत्तर काय आलं ते ऐकायला ती थांबली नाही.